दाढीवरून काय ओळखणार?

‘तुरुंग म्हणजे दहशतवाद्यांची शाळा’ हे वाक्य कुठे हल्ला झाला की हमखास ऐकू येतं. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि दोन दिवसांनी ज्यूंच्या सुपरमार्केटवर हल्ले झाले. त्यांतल्या हल्लेखोरांपैकी शेरिफ क्वाशी आणि आमेदी कुलिबाली यांची ओळख पॅरिसजवळच्या फ्लरी-मेरोजीच्या तुरुंगात झाली होती, हे खरं. पण म्हणून तुरुंगातला प्रत्येक मुसलमान कैदी संशयित ठरत नाही. प्रत्येक हापूस आंबा असतो. प्रत्येक आंबा हापूस नसतो.

आकडे मांडून बघा. फ्रान्समध्ये तेव्हा ६५ हजारांहून जास्त कैदी होते. समजा, हजारात एक खरोखर धोकादायक, म्हणजे ६५ जण. आता अशी चाचणी घ्या, जी धोकादायक माणूस शंभरात नव्वद वेळा ओळखते आणि निरुपद्रवी माणसावर शंभरात दहा वेळाच चुकून शिक्का मारते. चांगली वाटते ना? ती ६५ पैकी ५८-५९ जणांना पकडेल. पण बाकीच्या जवळपास साडेसहा हजार निरपराधांवरही शिक्का बसेल! शिक्का बसलेल्या शंभर जणांत खरा धोकादायक सरासरी एकही भरत नाही. सगळी गोम छेदात, म्हणजे निरपराधांच्या प्रचंड संख्येत आहे. दुर्मीळ आजाराच्या तपासणीतही हेच होतं. चेहऱ्यावरून दहशतवादी ओळखून देऊ म्हणणारं सॉफ्टवेअर आणि हात बघून भविष्य सांगणारा, दोघंही मला सारखेच.

इराणमध्ये जन्मलेले फ्रेंच समाजशास्त्रज्ञ फरहाद खोसरोखावर यांनी तुरुंगांत जाऊन कैद्यांच्या आणि पहारेकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. दाढी आणि नमाज ही खूण धरली तर फसगत होते, असं त्यांना दिसलं. ज्याच्या मनात खरोखर काही शिजतंय, तो दाढी उतरवून गप्प राहायला शिकतो. कुणाला जहाल बनवायला घोळका लागत नाही. प्रभाव टाकणारा एक आणि मनाने खचलेला एखाद-दुसरा पुरतो.

फ्लरी-मेरोजीत जमाल बेगाल हा जुना जहाल कैदी एकांतवासात ठेवला होता. कुलिबालीची कोठडी त्याच्या खालच्या मजल्यावर. दोघं खिडकीतून बोलत.

पुढे फ्रेंच सरकारने अशा जहाल कैद्यांना एकत्र करून वेगळ्या विभागांत ठेवून पाहिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये ओस्नीच्या तुरुंगात त्याच विभागातल्या एका कैद्याने पहारेकऱ्यांवर हल्ला केला आणि पुढच्याच महिन्यात ते विभाग गुंडाळण्याची घोषणा झाली. त्यांच्या जागी मूल्यमापन विभाग आले. तिथे मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि पहारेकरी काही महिने एकेका कैद्याशी बोलतात, त्याला बघतात, आणि मगच त्याला कुठे ठेवायचं ते ठरवतात.