पार्श्वभूमी: मुंबईत मेटल बँड का फुटतात आणि एखादाच का टिकतो

बँड फुटला म्हटलं की आपण आधी भांडण शोधतो. गायकाचं आणि गिटारिस्टचं बिनसलं असेल, पैशांवरून वाजलं असेल. परदेशातल्या मोठ्या बँडांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही असतं. मुंबईतल्या मेटलवाल्यांना, म्हणजे हेवी मेटल हे कडक रॉक संगीत वाजवणाऱ्यांना, एवढी चैन कधी परवडलीच नाही. वाटून घ्यायला पैसाच नाही, तर भांडणार कशावरून? इथे बँड संपतो तो ड्रमरला अमेरिकेचा व्हिसा मिळाल्यावर, बेस वाजवणाऱ्याची हैदराबादला बदली झाल्यावर, नाहीतर लग्नानंतर गिटारिस्टचा रविवार त्याच्या हातात न राहिल्यावर.

तरी वर्षातून एकदा सगळे एकत्र येत, असा एक काळ होता. 1986 साली फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हे रॉक बँडांचं संमेलन सुरू केलं. पोरांच्या तोंडी ते नुसतं ‘आय-रॉक’. अनेक वर्षं त्याचं घर होतं धोबीतलावचं रंगभवन, उघडं थिएटर. शेजारी झेवियर्स कॉलेज, जवळच 1865 पासूनचं फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकान. तिथे तारांचा एक सेट घ्यायला जायचं आणि न परवडणाऱ्या गिटारी बघत अर्धा तास काढायचा. ऑगस्टचा पाऊस, काळे टी-शर्ट, चिखल, आणि स्टेजवर आयर्न मेडन किंवा मेटॅलिका या परदेशी मेटल बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवणारे बँड. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून कोणीतरी मेडनची फर्माईश ओरडायचाच. आपली गाणी लिहा, असा आग्रह धरणारं पहिलं मोठं व्यासपीठ आलं ते अलाहाबादहून. अमित सैगल यांनी 1993 मध्ये तिथे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढलं आणि चार वर्षांनी ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव सुरू केला.

कोकणातल्या दशावतारी मंडळींची इथे आठवण होते. दिवसभर शेतात राबलेला माणूस मध्यरात्री तोंडाला रंग लावून राजा होतो, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कलेवरचं प्रेम आहेच, पण गावोगावच्या जत्रेची तिथी ठरलेली आहे, हेही तेवढंच खरं. जत्रा आहे म्हणून कंपनी उभी राहते. मेटलवाल्यांची जत्रा म्हणजे रंगभवन, आणि नेमकी तीच गेली.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची त्यात तरतूद होती. रंगभवनच्या आजूबाजूला ही तिन्ही. काही वर्षांतच तिथले कार्यक्रम थांबले. नियम चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. कामा हॉस्पिटलातल्या बाळंतिणीला डबल बेस ड्रमच्या धडधडीची काय हौस? पण त्या आवाराच्या बदल्यात दुसरं आवार कोणी दिलं नाही. आय-रॉक मैदानं शोधत अंधेरीकडे सरकलं. छोटे बँड कॉलेज फेस्टिव्हल आणि पबच्या मेहेरबानीवर राहिले.

आणि गिग, म्हणजे स्टेजवरचा कार्यक्रम, नसली की सराव का करायचा, हा प्रश्न उभा राहतो. मुंबईत सराव म्हणजे तासाच्या भाड्याची जॅमरूम. एकजण वसईचा, एक मुलुंडचा, ड्रमर डोंबिवलीचा. तीन तास बुक केलेले, त्यातला पहिला अर्धा तास ड्रमर दादरच्या पुलावर. ड्रमसेट जॅमरूमचा असतो, पण डबल पेडल (दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवायची जोडी) आणि झांजा ज्याच्या त्याच्या. ते धूड घेऊन गर्दीच्या वेळी साध्या डब्यात चढणं अशक्य. मग मालडब्यात, कोळणींच्या टोपल्यांशेजारी, ‘ह्यात काय हाय रं?’ला उत्तर देत. घरी ड्रम वाजवले तर सोसायटीची नोटीस ठरलेली. म्हणूनच शहरात गिटारिस्ट गल्लोगल्ली सापडतात आणि एक बरा ड्रमर तीन-चार बँडांत फिरत असतो. तो गेला की एका फटक्यात सगळेच लंगडे होतात.

या सगळ्यात टिकून राहिलेलं नाव म्हणजे ‘डिमॉनिक रिझरेक्शन’. साहिल मखिजा यांनी 2000 साली मुंबईत हा बँड काढला. ‘डिमॉनस्टीलर’ हे त्यांचं स्टेजवरचं नाव. वादक येत गेले, जात गेले, सुरुवातीपासूनचा माणूस एकटा तेच. बँडाला लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, मिळेना म्हणून त्यांनी स्वतःचं लेबल काढलं, स्टेज मिळेना म्हणून महोत्सव भरवले. दुसऱ्या एका बँडात ड्रमही वाजवले. शिवाय मेटल आणि स्वयंपाक यांची सांगड घालणारा ‘हेडबँगर्स किचन’ हा कार्यक्रम चालवला. 2010 मध्ये बँड नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला. 2017 च्या अल्बमचं नाव ‘दशावतार’, विषय विष्णूचे अवतार. ‘बँड टिकला’ म्हणायचं की ‘एक माणूस हटला नाही’ म्हणायचं? माझ्या मते दुसरं. लोकशाही पद्धतीने चालवलेले बँड फार आधी मिटले.

बाहेरून पाहणाऱ्यांना सगळं बदललं असं वाटलं ते 17 मार्च 2007 ला, आयर्न मेडन बेंगळुरूत वाजवून गेले तेव्हा. पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारीला तेच मुंबईत आले आणि त्यांचा जगदौरा इथूनच सुरू झाला. मेटलचं तिकीट काढणारे लोक इथे आहेत हे त्यातून सिद्ध झालं, पण ती गर्दी पुढच्या शनिवारी लोअर परळला स्थानिक बँड ऐकायला आली नाही. दार उघडलं ते दुसऱ्या बाजूने. बेंगळुरूचा ‘क्रिप्टॉस’ 2013 मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात पोचला, बँड निघाल्यावर पंधराएक वर्षांनी. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने तर क्रमच उलटा केला. करण कटियार यांनी वकिलीची नोकरी सोडली, घरच्या कॉम्प्युटरवर गाणी केली, यूट्यूबवर टाकली. स्टेजवरचा पूर्ण संच जमवला तो मागणी आल्यावर, आणि 2019 मध्ये वाकेन. जॅमरूमचं भाडं, डोंबिवलीचा ड्रमर, हा सगळा घोळ त्यांनी शेवटावर ढकलला.

हा रस्ता शहाणपणाचा आहे, मान्य. तरी जॅमरूममध्ये सहा महिने अडलेला रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) एखाद्या संध्याकाळी चौघांच्या हातून एकदम सुटतो, ड्रमर काही न बोलता पुन्हा चार मोजतो, आणि बाहेर पुढचा बँड दार वाजवत असतो. ‘पाच मिनिटं, बॉस’ म्हणून तेच परत वाजवलं जातं. मग शेवटची गाडी पकडायला पळापळ, आणि पेडलची बॅग आलटून पालटून चौघांच्या खांद्यावर.