युद्ध दूर, बातमी उशाशी

हजारो मैलांवरच्या शहरावर क्षेपणास्त्रं पडतात आणि सुरक्षित घरात बसलेल्या कुणाची तरी झोप उडते. जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही, हसू आलंच तर मागाहून अपराधी वाटतं. २०२२ पासून युक्रेन आणि २०२३ पासून गाझा, सुदान यांच्या बातम्यांनी ही अवस्था इतकी सर्रास केली, की ती मोबाइलनेच जन्माला घातली असा समज झाला आहे. मोबाइलने ती वाढवली हे खरं, पण तिचा जन्म फार आधीचा.

अ‍ॅडम स्मिथ आपल्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणून ठाऊक असतो. पण १७५९ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. समजा, भूकंपाने अख्खा चीन गिळला. युरोपातला एखादा सहृदय माणूस काय करेल? हळहळेल, आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दल चार शब्द बोलेल आणि आपल्या कामाला लागेल. उद्या त्याची स्वतःची करंगळी कापली जाणार असेल, तर मात्र रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही. हा उतारा सगळे उद्धृत करतात आणि बहुतेक जण इथेच थांबतात. स्मिथ थांबत नाही. करंगळी वाचावी म्हणून हा माणूस त्या कोट्यवधींचा बळी देईल का, असं तो विचारतो. देणार नाही, नुसत्या कल्पनेनेच शहारेल, हे त्याचं उत्तर. भावना तोकडी असते, पण विवेक तिच्या पुढे जातो.

याच विवेचनात तो आणखी एका जमातीवर घसरला आहे: जगात इतके लोक दुःखात असताना तुम्ही सुखात कसे, असं सतत टोचत राहणारे रडवे उपदेशक. ज्यांच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही त्यांच्यासाठी झुरणं म्हणजे चंद्रावरच्या जगाची चिंता वाहणं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या काळापुरतं ते रास्तच होतं. दूरची बातमी जहाजाने येई. ती हाती पडेपर्यंत लढाई संपलेली असे, मेलेले पुरलेले असत.

हे गणित रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) बदललं. विल्यम हॉवर्ड रसेल आणि थॉमस चेनरी या बातमीदारांची वार्तापत्रं लंडनच्या 'टाइम्स'मध्ये येऊ लागली आणि जखमी सैनिकांचे हाल वाचून ब्रिटनमधले घरबसले वाचक हादरले. पण त्या हादऱ्याला वाट मिळाली. १८५४ मध्ये वृत्तपत्राने निधी उभारला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांची तुकडी घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या इस्पितळात पोचली, आणि जानेवारी १८५५ मध्ये तर युद्धाच्या ढिसाळ कारभारावरून सरकार पडलं. युद्ध चालू असतानाच बातमी वाचणाऱ्याला काही तरी करता येऊ लागलं होतं.

तक्रारीही लवकरच सुरू झाल्या. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बिअर्ड याने १८८१ मध्ये मज्जातंतूंच्या थकव्याची कारणं सांगताना तारयंत्र आणि नियतकालिकं यांना दोष दिला. (स्त्रियांचं बौद्धिक काम हेही त्याच्या यादीत होतं, तेव्हा यादी जपूनच वाचावी.)

पुढचं शतकभर दुःख आणि कृती यांची ही जोडी बऱ्यापैकी टिकली. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रातल्या उपाशी मुलांची छायाचित्रं १९६८ मध्ये जगभर छापली गेली. तिथे काम केलेल्या फ्रेंच डॉक्टरांनी पत्रकारांना सोबत घेऊन १९७१ मध्ये 'मेदसाँ साँ फ्रोंतिए' ही संकटग्रस्तांना वैद्यकीय मदत देणारी संस्था काढली. १९८४ मध्ये इथिओपियाचा दुष्काळ टीव्हीवर दिसला आणि १३ जुलै १९८५ ला मदतनिधीसाठी 'लाइव्ह एड'चे संगीताचे कार्यक्रम झाले. त्या पैशाचं पुढे काय झालं यावर बरेच वाद आहेत, पण तो वेगळा विषय.

जोडी सैल झाली ती बातमी संपेनाशी झाल्यावर. वर्तमानपत्राला शेवटचं पान होतं, बातमीपत्राला निरोपाचं संगीत होतं. १ जून १९८० ला सीएनएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी सुरू झाली आणि १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवरची बॉम्बफेक घरोघरी थेट दिसली. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने तळ नसलेल्या पानाची, म्हणजे 'इन्फिनिट स्क्रोल'ची रचना केली. पुढे तिचा त्याला स्वतःलाच पश्चात्ताप झाला. एकच दृश्य दिवसात पन्नासदा पाहायचं आणि प्रत्येक वेळी हात बांधलेलेच, हा अनुभव माझ्या मते आधीच्या कुठल्याच पिढीला नव्हता.

संशोधकांचं लक्ष इकडे उशिरा गेलं. १९९७ मध्ये जॉन्स्टन आणि डेव्ही या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की निराशाजनक बातमीपत्र पाहिल्यावर माणसाला स्वतःच्या, बातमीशी संबंध नसलेल्या काळज्याही मोठ्या वाटू लागतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर तीन ते पाच दिवसांनी अमेरिकेत ५६० प्रौढांशी फोनवर बोलून केलेल्या पाहणीत ४४ टक्क्यांना तीव्र ताणाचं किमान एक लक्षण जाणवलं होतं, आणि त्यांत न्यूयॉर्कपासून खूप दूर राहणारेही होते. सर्वांत बोलका निष्कर्ष २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरचा. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्या पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवला. आधीच अस्वस्थ असलेली माणसं जास्त बातम्या पाहत असतील, ही शंका रास्त आहे. २०१९ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने उत्तर दिलं, की दोन्ही खरं: पाहिल्याने ताण वाढतो, आणि तो ताण पुढच्या घटनेच्या वेळी माणसाला पुन्हा पडद्याकडे ओढतो.

मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकाने मात्र हात राखला. डीएसएम-५ या त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार पडद्यावर पाहिलेली हिंसा पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताणविकाराचं, कारण धरली जात नाही. अपवाद फक्त ते पाहणं ज्यांच्या कामाचाच भाग आहे त्यांचा. मला हे योग्य वाटतं. त्रास खरा असला तरी प्रत्येक त्रासाला रोगाचं नाव लागत नाही.

लोकांनी आपला उपाय आपणच शोधला. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या बहुदेशीय पाहणीत बातम्या कधीकधी किंवा वारंवार मुद्दाम टाळणारे २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२४ मध्ये ३९ टक्के झाले. त्यांना सरसकट बेफिकीर म्हणणं अन्यायाचं होईल. मनावर वाईट परिणाम होतो हे कारण त्यांतले कित्येक जण देतात.

टाळणं आणि बुडून जाणं यांच्यामधली एक वाट लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी तपासली. बातम्या आणि माहितीपटांतली दुःखाची दृश्यं दाखवून त्यांनी एका गटाला आधी समोरच्याचं दुःख स्वतः अनुभवायला शिकवलं. त्यांचं मन आणखी खचलं. मग त्याच गटाला त्या माणसाचं भलं व्हावं ही भावना धरून ठेवायला शिकवलं, तेव्हा त्याच तऱ्हेची दृश्यं पाहताना मनाला उभारी राहिली. प्रयोग छोटा होता आणि सहभागी सगळ्या स्त्रिया होत्या. महिनोन्‌महिने चालणाऱ्या युद्धाच्या रोजच्या बातम्यांवर तो बेतलेलाही नव्हता.