कार्ड टोकनीकरण

डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा मूळ क्रमांक व्यापाऱ्याकडे न ठेवता त्याच्या जागी दुसरा, चोरीला गेला तरी इतरत्र न चालणारा क्रमांक ठेवण्याची पद्धत. या बदली क्रमांकाला टोकन म्हणतात. बोलण्यात ‘टोकनायझेशन’ हाच शब्द रुळला आहे.

पद्धत अमेरिकेत आकाराला आली; तिच्या श्रेयाबाबत मात्र दावे वेगवेगळे आहेत. सामान्यतः ट्रस्टकॉमर्स या कंपनीचे २००१ च्या सुमाराचे काम आद्य मानले जाते. शिफ्टफोर ही कंपनी ही संकल्पना २००५ मध्ये आपण जाहीरपणे मांडल्याचे सांगते. पद्धत पहिलीची आणि प्रसार दुसरीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

टोकन हा एन्क्रिप्शनचाच (गुप्त किल्लीने माहिती सांकेतिक रूपात बदलणे) प्रकार आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही. काटेकोर मतानुसार टोकन आणि मूळ क्रमांक यांच्यात कोणतेही गणिती नाते नसावे. त्यांची जोडी फक्त ‘व्हॉल्ट’ नावाच्या बंदोबस्तातील कोठारात असावी. व्हॉल्टविरहित पद्धतीत मात्र किल्ली वापरून क्रमांकातूनच टोकन काढतात, म्हणजे किल्ली फुटली की सगळेच फुटले. कार्ड कंपन्यांनी स्थापलेल्या, कार्ड-सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या पीसीआय मंडळाच्या ऑगस्ट २०११ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही मार्गांना जागा आहे. तरी पहिले मत ग्राह्य धरणे सुरक्षित.

क्रमांकाचा नुसता हॅश (सूत्राने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) काढून ठेवणे हा स्वस्त उपाय फसवा आहे. सोळा आकडी क्रमांकातील पहिले सहा व शेवटचे चार आकडे अनेकदा उघड असतात. उरलेल्या सहा आकड्यांच्या दहा लाख शक्यता होतात. शेवटचा आकडा आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या सूत्राने (पेटंट १९६०) पडताळणीसाठी ठरलेला असतो. ती चाळणी लावली की लाखच उरतात. एवढे हॅश साधा लॅपटॉप क्षणार्धात काढतो. म्हणूनच पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षा नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीने (मार्च २०२२) हॅशला गुप्त किल्लीची जोड आवश्यक ठरवली. ही अट ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाली.

भारतात रिझर्व्ह बँकेने ८ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने कार्ड नेटवर्कांना (व्हिसा, रुपे यांसारख्या) टोकन देण्याची मुभा दिली. ती आरंभी मोबाइल व टॅबलेटपुरतीच होती. व्यापाऱ्यांनी कार्डाचा तपशील साठवू नये, हे मार्च २०२० च्या पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांविषयीच्या, निर्देशांत आले. मुदत वारंवार वाढत गेली आणि बंदी १ ऑक्टोबर २०२२ पासून प्रत्यक्षात आली. दरम्यान सप्टेंबर २०२१ मध्ये साठवलेल्या कार्डांसाठी टोकनला परवानगी मिळाली होती. डिसेंबर २०२३ पासून कार्ड देणाऱ्या बँकेमार्फतही टोकन तयार करता येते.

टोकन हे कार्ड, टोकन मागणारा (ॲप किंवा पेमेंट सेवा) आणि व्यापारी या तिघांच्या जुळणीला बांधलेले असते. एकच कार्ड किराणा ॲपवर आणि तिकिटांच्या संकेतस्थळावर जपून ठेवले, तर टोकने दोन होतात. एकाकडचे दुसरीकडे चालत नाही. ग्राहकाची स्पष्ट संमती आणि ओटीपीसारखा जादा पडताळा लागतो, शुल्क मात्र नाही. पडद्यावर दिसणारे शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव एवढेच व्यापाऱ्याला हिशेब जुळवण्यासाठी ठेवता येते. कार्ड न जपता दर वेळी क्रमांक टाकणाऱ्यांच्या बाबतीत तपशील व्यवहारानंतर चार दिवस किंवा पैसे चुकते होण्याची तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर ठेवण्यास २०२२ मध्ये तात्पुरती सूट देण्यात आली.

टोकन घेतले म्हणून पीसीआय डीएसएस टळत नाही, त्याची व्याप्ती घटते. सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला तीन-चार आकडी पडताळणी क्रमांक) तर व्यवहार मंजूर झाल्यावर व्यापाऱ्याने एन्क्रिप्ट करूनही ठेवायचा नसतो. दुकानातील स्वाइप मशीनचा प्रश्न वेगळा आहे; तेथे भर चिपवर आणि मशीनपासूनच सुरू होणाऱ्या एन्क्रिप्शनवर असतो.