खनिज स्थायी निधी

खनिज स्थायी निधी : खनिजाच्या विक्रीतून येणारा पैसा लगेच खर्च न करता मुद्दल म्हणून राखून ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था. शेतातले पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते, जमिनीतले लोखंड येत नाही. म्हणून खनिजाची किंमत हे उत्पन्न नव्हे. ते विकलेल्या मालमत्तेचे मोल आहे. सरकारे मात्र स्वामित्वधन (खनिज काढणाऱ्याकडून मिळणारी रॉयल्टी) सर्रास महसुलात जमा करतात आणि मुद्दल मोडून खातात.

खनिज आज काढावे की उद्यासाठी ठेवावे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1931 मध्ये व्याजदराशी जोडला. खाणीतला अधिशेष, म्हणजे खर्च वजा जाता उरणारा पैसा, पुन्हा उभारता येणाऱ्या भांडवलात गुंतवावा, म्हणजे पुढच्या पिढ्यांचा उपभोग घटणार नाही, हा अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांचा नियम 1977 चा. किती खावे आणि किती राखावे याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ सालाह एल सेराफी यांनी 1989 मध्ये मांडला. खाण 10 वर्षांत संपणार असेल आणि व्याज 5 टक्के धरले, तर खर्च वजा जाता उरलेल्या 100 रुपयांतले जेमतेम 41-42 रुपये खरे उत्पन्न ठरते. तीच खाण 50 वर्षे पुरणार असेल तर सुमारे 92 रुपये खर्चता येतात. उपसा जितका जोरात, तितका राखायचा वाटा मोठा.

अलास्काने 1976 मध्ये घटनादुरुस्ती करून असा निधी उभारला. नॉर्वेत तेलाच्या निधीतून वर्षाला अपेक्षित वास्तव (महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याएवढीच रक्कम काढावी असा दंडक आहे. हा परतावा 2001 पासून 4 टक्के धरला जाई, 2017 पासून 3 टक्के. नाउरू या चिमुकल्या बेटानेही फॉस्फेटचा पैसा निधीत ठेवला होता, पण उधळपट्टी आणि फसलेल्या गुंतवणुकींत तो बहुतांशी बुडाला. नुसता निधी उभारून भागत नाही.

भारतातले ठळक उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलतींचे 1987 च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. पुढे चीनची मागणी वाढली, हलक्या प्रतीच्या ओरलाही (कच्च्या लोहखनिजालाही) भाव आला, आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांतून ट्रक-बार्जची रीघ मुरगाव बंदराकडे लागली. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. 21 एप्रिल 2014 च्या निकालात उपशावर वर्षाला 2 कोटी टनांची अंतरिम मर्यादा आली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम स्थायी निधीत टाकण्याचा आदेश झाला. पिढ्यांमधील न्यायाचे तत्त्व पुढे 2019 च्या राष्ट्रीय खनिज धोरणातही आले. जिल्हा खनिज प्रतिष्ठान याहून वेगळे : त्याचा पैसा खाणबाधितांवर आजच खर्च करायचा असतो.

या साऱ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे निसर्गाची उणीव पैशाने भरून निघते. गोव्यात 1 टन ओरमागे साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते. डोंगरउतारावरच्या डंपांतून (टाकाऊ मातीच्या ढिगांतून) ती पावसाळ्यात ओहोळांवाटे भातशेतीत उतरते. शिरगावात खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या, खड्ड्यांतले पाणी पंपांनी उपसले गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. निधीच्या जमाखर्चात या विहिरींसाठी रकाना नाही.