उन्हाला बटण नसतं

मे महिन्यातली भर दुपार. चोपड्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानासमोर नानांची गाडी उभी होती. नाना माझे थोरले मावसभाऊ. एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी संपवली आणि जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर केलं. आत दोन बाकं, छोटा फ्रीज, शेगडी, पंखा, बाकाखाली १५० अँपिअर-अवरची बॅटरी आणि टपावर सोलरच्या दोन प्लेटा. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, पावसाळ्यात तोरणमाळ, मध्येच वाटलं तर पाटणादेवी, सगळं याच गाडीतून. टपावर चढायच्या शिडीचा सांधा सुटला होता, तो जोडून घ्यायचा होता. होल्डर हातात घेण्याआधी वेल्डर म्हणाला, "नाना, बॅटरीनी वायर काढी टाका."

नानांनी पाना घेतला, निगेटिव्हचा क्लॅम्प सैल केला आणि उचलला. आतला पंखा एकदम विमानासारखा घुमला, छताची एलईडीची पट्टी डोळे दिपतील इतकी पेटली आणि दोन-तीन सेकंदांत सगळं गप्प झालं. मग जळक्या प्लास्टिकचा तो ओळखीचा वास. "काय व्हयनं?" वेल्डरने बाहेरून विचारलं. नानांच्या हातात क्लॅम्प होता. पंखा गेला होता, पट्टी गेली होती, मोबाईल चार्जरही गेला होता.

वेल्डरचं काही चुकलं नव्हतं. गाडीच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना शंभराच्या वर अँपिअरचा प्रवाह पत्र्यातून परत जातो. अर्थिंगचा चिमटा नीट लागला नसेल, तर तो प्रवाह गाडीतल्या बारीक तारांमधून आणि सर्किटमधून वाट काढतो. त्यामुळे आधी तारा सोडवायच्या हे बरोबर. नानांनी तारा सोडवल्याही. पण क्रम उलटा झाला. त्यांनी बॅटरी काढली आणि ऊन तसंच चालू ठेवलं.

खान्देशातल्या केळीवाल्याला हे ठिबकच्या भाषेत सांगितलं की लगेच पटतं. विहिरीवर मोटर चालू आहे आणि एका प्लॉटचं पाणी दुसऱ्या प्लॉटला फिरवायचंय. शहाणा माणूस आधी दुसऱ्या प्लॉटचा वॉल्व उघडतो, मग पहिला बंद करतो. उलटं केलं तर मधले काही क्षण पाण्याला वाटच उरत नाही, दाब चढतो आणि कुठला तरी जोड फुटतो. सोलरची प्लेट म्हणजे चालू मोटर आणि बॅटरी म्हणजे उघडा वॉल्व. बॅटरी जोडलेली असते तोवर प्लेटचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बॅटरीच्या पातळीला, बारा-चौदा व्होल्टला धरून राहतं. बॅटरी काढली की ते वर उसळतं. बारा व्होल्टची म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लेटमध्ये सिलिकॉनचे ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि मोकळ्या तारांवर ती २१-२२ व्होल्ट देते. मेच्या उन्हात टपावरची प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते, तेव्हा हा आकडा १९-२० वर येतो. पण बारा व्होल्टच्या पंख्याला तेवढेही पुरेसे जास्त.

नानांच्या गाडीत कंट्रोलरची (प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंगला आवर घालणारा डबा), पंख्याची, दिव्यांची आणि फ्रीजची, सगळ्यांची निगेटिव्ह वायर एकाच क्लॅम्पला बांधलेली होती. क्लॅम्प उचलला तशा सगळ्या तारा एकमेकींना जोडलेल्याच राहिल्या, फक्त बॅटरी मधून निघून गेली. प्लेट, कंट्रोलर आणि पंखा आता समोरासमोर आले. फ्रीज त्या दिवशी बटणावर बंद होता म्हणून वाचला.

ठिबकच्या मोटरला निदान स्टार्टर असतो. लाल बटण दाबलं की ती थांबते. सूर्याला असं बटण नाही, आणि प्लेटलाही नाही. उजेड पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि दोन टोकांत व्होल्टेज उभं राहतं. एदमाँ बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने उजेडातून वीज उभी राहताना पहिल्यांदा पाहिली ती १८३९ साली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा कामाचा सेल १९५४ मध्ये दाखवला. तेव्हापासून सेल खूप सुधारले, पण उजेडात वीज न करण्याची सोय कुणी त्यांच्यात बसवलेली नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. तिथेही दुपारी इन्व्हर्टर बंद केला, तरी प्लेटांच्या तारांत व्होल्टेज असतंच. आपण बंद करतो तो फक्त रस्ता.

मग तयार झालेली वीज जाते कुठे? हा प्रश्न नानांच्या नातवाने विचारला आणि प्रश्न चांगला आहे. बाहेर वाट नसली की सुटलेले इलेक्ट्रॉन सेलमध्येच परत आपापल्या जागी पडतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होते. प्लेट थोडी जास्त तापते, एवढंच. प्लेटच्या तारा मोकळ्या सोडल्याने तिचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या उपकरणांचं.

म्हणून क्रम असा. आधी पंखा, दिवे, फ्रीज, इन्व्हर्टर, सगळा लोड आपापल्या बटणावर बंद. मग प्लेट आणि कंट्रोलर यांच्यामधला स्विच बंद. बॅटरीला हात त्यानंतर. कंट्रोलरला बॅटरीशिवाय ऊन कधीही दिसता कामा नये, हे एक वाक्य लक्षात असलं की बाकीचा क्रम आपोआप सुचतो. कंट्रोलर स्वतः बॅटरीवर जगतो आणि किती व्होल्टवर थांबायचं हेही बॅटरीकडे पाहूनच ठरवतो. महागड्या एमपीपीटी कंट्रोलरमध्ये, म्हणजे प्लेटमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणाऱ्या प्रकारात, तांब्याची कॉइल असते आणि तिच्यातून प्रवाह वाहत असताना तीत ऊर्जा साठलेली असते. अचानक बॅटरी निघाली तर त्या ऊर्जेला जायला जागा नसते. कंट्रोलरला सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात व्होल्टेजचा झटका बसून गेलेला असतो.

आपल्याकडे ट्रॅक्टरवालेही हा खेळ वेगळ्या रूपात खेळतात. डायनामो चार्ज करतो की नाही हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उचलतात. इंजिन बंद पडलं नाही म्हणजे डायनामो चांगला. जुन्या ट्रॅक्टरवर हे खपून जायचं, कारण त्यात जळायला काही नव्हतं. आजच्या गाडीत ते करू नये. भरपूर प्रवाह देणाऱ्या अल्टरनेटरपुढून, म्हणजे आजच्या डायनामोपुढून, बॅटरी एकदम काढली, तर आवर घालणारी सोय नसताना बारा व्होल्टच्या गाडीत ८०-१०० व्होल्टपर्यंतचा झटका येऊ शकतो. लिथियम बॅटरीत तर वायर कुणी काढायचीही गरज नसते. आतली रक्षक सर्किट, तिला बीएमएस म्हणतात, बॅटरी भरून वाहायला लागली किंवा फार तापली की स्वतःच दार लावून घेते. प्लेट मात्र बाहेर उभीच.

आता प्लेटच्या स्विचविषयी, कारण इथे पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. घरात एखादा जुना एमसीबी (फ्यूजऐवजी बसवतात तो स्विच) नुसता पडून असतो, तोच लावून टाकतात. घरची वीज एसी. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना ठिणगी पडली तरी पुढच्या शून्याला ती विझते. सोलरची वीज डीसी, एका दिशेने सलग वाहणारी. तिला शून्य नाहीच. ठिणगी पडली की ती ताणली जाते, कमान होते, आणि काही हजार अंशांची ती कमान स्विचच्या पट्ट्या वितळवत राहते. डीसीचा एमसीबी वेगळा मिळतो. त्याच्या आत कमान लांबवून तोडायची व्यवस्था असते. काहींवर अधिक-उणेच्या खुणा असतात, तो उलटा जोडला तर कमान विझण्याऐवजी भलतीकडे ढकलली जाते. खुणा पाहूनच बसवायचा. प्लेटच्या तारांना असतात ते काळे एमसी-४ जोड ओढून काढणं हा स्विच नव्हे. प्रवाह चालू असताना काढू नका, असं त्या जोडांवर बारीक अक्षरात कोरलेलं असतं. कुणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

नानांकडे तेव्हा असा स्विचच नव्हता. स्विच नसेल तर प्लेट झाकायची, नाहीतर अंधार पडायची वाट बघायची. झाकताना एक गंमत आहे. वहिनींनी पुढच्या वेळी पांढरी सुती चादर पसरली आणि मीटर लावला तर तारांवर १८ व्होल्ट! चादर असूनही! याचं कारण असं की उजेड कमी झाला की प्लेटचा प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण व्होल्टेज फार हळू उतरतं. उजेड दहावा हिस्सा केला तर प्रत्येक सेलमागे साधारण ६० मिलिव्होल्ट कमी होतात. ३६ सेलचे मिळून झाले जेमतेम दोन व्होल्ट. म्हणून 'आज ढगाळ आहे, काही होत नाही' हेही खरं नाही. प्रवाह कमी असल्याने नुकसान कमी होईल, पण व्होल्टेज जागेवरच असतं. चादरीऐवजी चौपदरी गोधडी टाकली तेव्हा मीटरचा काटा खाली बसला. केळीची पानं टाकून बघू का, असं नातवाने सुचवलं होतं. हिरव्या पानातूनही बराच उजेड झिरपतो, त्यामुळे नको. रात्री मात्र निर्धास्त. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड दुपारच्या उन्हापेक्षा काही लाख पटींनी कमी असतो, त्यावर काही होत नाही.

हे सगळं बारा व्होल्टच्या प्लेटांबद्दल. शेतातल्या सोलर पंपाच्या प्लेटा एकापुढे एक जोडलेल्या असतात, तिथे दुपारी शेकडो व्होल्ट डीसी असतात. त्या तारांना पाना आणि गोधडी घेऊन जाऊ नये, ते काम माहितगाराचं. आणि गाडीवर घरच्या मोठ्या प्लेटा चढवणाऱ्यांसाठी थंडीचं एक गणित. गार प्लेट जास्त व्होल्टेज देते, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. ४८ व्होल्टच्या दोन प्लेटा एकापुढे एक जोडल्या की कागदावर ९६ होतात आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर पुरेल असं वाटतं. पण ते ९६ सेलच्या २५ अंश तापमानाला. पाच-सहा अंशांची सकाळ धुळ्याला नवी नाही, आणि तेव्हा आकडा शंभराच्या पुढे जातो. कंट्रोलर मेमध्ये नाही, जानेवारीत जळतो.

प्लेट बंद झाली की मग बॅटरी. पहिला निघतो तो निगेटिव्ह. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह सैल करताना पाना पत्र्याला टेकला तर बॅटरी थेट शॉर्ट होते आणि एवढी बॅटरी हजाराच्या वर अँपिअर ओकू शकते. पाना लाल होतो, टर्मिनल वितळतं. निगेटिव्ह आधी निघालेला असेल तर तोच पाना पत्र्याला टेकूनही काही होत नाही. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं ते यासाठीच. शिवाय चार्ज होणाऱ्या पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. बाकाखालची बंद जागा त्यासाठी फारच सोयीची, म्हणून झाकण उघडून जरा वारा खेळू द्यायचा आणि मगच पाना लावायचा.

गाडी दोन-तीन महिने पत्र्याच्या शेडखाली उभी राहणार असेल, तरी हेच सगळं करायचं. तिथे ऊन नाही, पण कंट्रोलरचे काही मिलिअँपिअर रात्रंदिवस गळत राहतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी स्वतःहूनही भराभर उतरते. पाण्याची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, रिकामी ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. लिथियम मात्र अर्धी भरलेलीच ठेवलेली बरी.

जोडताना सगळं उलट. आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. हा शेवटचा क्लॅम्प टेकवताना इन्व्हर्टर बंद असला तरी टचकन ठिणगी उडते आणि नाना अजून दचकतात. इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) एका दमात भरतात, त्याची ती ठिणगी. नानांनी त्यावर एसटीच्या डेपोतला जुना उपाय काढला. क्लॅम्प आणि टर्मिनल यांच्यामध्ये हेडलाइटचा बल्ब धरायचा. तो क्षणभर उजळतो, मंद होत विझतो, म्हणजे कपॅसिटर भरले. मग क्लॅम्प घट्ट. कंट्रोलरच्या पडद्यावर बारा व्होल्टची बॅटरी दिसेपर्यंत प्लेटचा एमसीबी खालीच ठेवायचा, कारण काही कंट्रोलर आधी प्लेटचे वीस-बावीस व्होल्ट पाहिले की चोवीसची बॅटरी समजून बसतात. बारा दिसले की एमसीबी वर. टपावरची गोधडी काढायचं काम नातवाचं, नव्याने जोडलेल्या शिडीवरून.