‘विमेन ऑफ कलर’ : एका नावाची जन्मकथा

अमेरिकेतल्या गोऱ्या नसलेल्या स्त्रियांचं ‘विमेन ऑफ कलर’ हे नाव मराठीत आणायला बसलं की पंचाईत होते. ‘रंगीत स्त्रिया’ म्हणजे चेष्टाच. ‘वर्णीय स्त्रिया’ म्हणावं, तर आपल्याकडे वर्ण म्हणजे कातडीचा रंग की चातुर्वर्ण्य, हा घोळ. ‘गौरेतर’ त्यातल्या त्यात बरं, पण त्यात मोजपट्टी गोऱ्यांचीच राहते. शिवाय इंग्रजीत ‘कलर्ड’ आणि ‘ऑफ कलर’ यांत जो फरक आहे तो आपल्या कोणत्याच शब्दात उतरत नाही. ‘कलर्ड’ ही अमेरिकेच्या दक्षिणेत पाण्याच्या नळावर आणि प्रतीक्षागृहाच्या दारावर टांगलेली पाटी होती. ‘ऑफ कलर’ हे त्या बायकांनी स्वतः पत्करलेलं नाव. ‘अस्पृश्य’ आणि ‘दलित’ या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, साधारण त्याच जातीचं हे अंतर.

आजच्या अर्थानं हे नाव रुजलं ते १९७७ च्या नोव्हेंबरात, ह्यूस्टनला. सरकारी पैशातून, ५० लाख डॉलर खर्चून, राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. देशभरातून सुमारे २००० प्रतिनिधी आल्या होत्या. कार्यकर्त्या लोरेटा रॉस यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी : परिषदेच्या आराखड्यात ‘अल्पसंख्याक स्त्रियां’बद्दलचा ठराव अगदीच त्रोटक होता, म्हणून वॉशिंग्टनच्या काळ्या स्त्रियांनी स्वतःचा मसुदा तयार करून नेला. तो बघून मेक्सिकन, प्युर्टो रिकन, आशियाई, आदिवासी अमेरिकन अशा इतर बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. मग मसुदा ‘काळ्या स्त्रियांचा’ कसा राहणार? त्या वाटाघाटीतून ‘विमेन ऑफ कलर’ पुढे आलं. शब्द जुनेच होते, त्यांच्यामागचा करार नवा होता. रॉस यांचा आग्रह असा की हे जन्मानं चिकटणारं नाव नाही. एकमेकींच्या बाजूनं उभं राहायचं ठरवल्यावर ते घ्यायचं असतं.

हा करार करायची वेळ का आली, यासाठी सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला स्त्रीहक्कांची पहिली सभा झाली. गुलामगिरीतून सुटलेले काळे नेते फ्रेडरिक डग्लस हजर होते आणि मताधिकाराच्या ठरावामागे ठामपणे उभे राहिले. काळी स्त्री मात्र त्या सभेला असल्याची नोंद नाही. तीन वर्षांनी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला एकेकाळी गुलाम असलेल्या काळ्या कार्यकर्त्या सोजर्नर ट्रुथ बोलल्या, आणि त्या भाषणाचं पुढे जे झालं ते मला भाषणापेक्षाही बोलकं वाटतं. ‘मी बाई नाही का?’ हा त्यांच्या नावावरचा जगप्रसिद्ध प्रश्न त्या वेळच्या वृत्तपत्रातल्या वृत्तांतात सापडतच नाही. तो येतो १२ वर्षांनी, १८६३ मध्ये, फ्रान्सेस गेज या गोऱ्या कार्यकर्तीनं लिहिलेल्या आवृत्तीत. गेजबाईंनी ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली. प्रत्यक्षात ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातल्या. डच मालकांच्या घरी जन्मलेल्या, त्यांची पहिली भाषा डच. मुलं पाच होती, गेजबाईंनी ती तेरा केली. हेतू चांगलाच असेल. पण चळवळीला काळी बाई हवी होती ती अशी, आपल्या मनातल्या चित्राबरहुकूम.

यादवी युद्धानंतर तडा उघड झाला. १५ व्या घटनादुरुस्तीनं काळ्या पुरुषांना मत दिलं, बायकांना नाही. मताधिकार चळवळीच्या गोऱ्या नेत्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी या दुरुस्तीला विरोध करताना काळ्या आणि स्थलांतरित पुरुषांबद्दल जी भाषा वापरली ती आज वाचवत नाही. १८६९ मध्ये चळवळ दुभंगली. या भांडणात काळ्या कवयित्री फ्रान्सेस हार्पर आधीच, १८६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून गोऱ्या भगिनींना सांगून बसल्या होत्या की तुम्ही हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. काळ्या बायकांनी मग १८९६ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. तिच्या नावात ‘कलर्ड’ हाच शब्द होता; तेव्हा तो सभ्य मानला जाई.

३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी हजारो बायकांचा मोर्चा निघाला. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरू नयेत म्हणून आयडा बी. वेल्स यांना सांगण्यात आलं की तुम्ही मागं, काळ्यांच्या तुकडीत चाला. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावानं काळ्यांना ठार मारण्याविरुद्ध, एकहाती लढलेली ही बाई. त्या बाजूला गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या आणि इलिनॉयची तुकडी समोर आल्यावर सरळ तिच्यात शिरल्या. १९२० ला मताधिकार कागदावर मिळाला. दक्षिणेत काळ्या बायकांना तो वापरता यायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वच १९४३ पर्यंत बंद होतं, भारतीयांना १९४६ पर्यंत. मग मत कुठलं?

१९६०-७० च्या दशकांतली स्त्रीवादाची दुसरी लाट सुरू झाली ती उपनगरातल्या गृहिणीच्या घुसमटीपासून. घराबाहेर पडून नोकरी म्हणजे मुक्ती! पण काळी बाई पिढ्यानपिढ्या बाहेरच होती, बहुधा त्याच गृहिणीच्या स्वयंपाकघरात. त्याहून खोल मतभेद शरीराबद्दल होता. गोऱ्या स्त्रीवाद्यांची मुख्य मागणी गर्भपाताच्या हक्काची. इकडे १९७३ मध्ये अलाबामात १४ आणि १२ वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्यानं नसबंदी केली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं कागदावर फुली मारली होती. प्युर्टो रिकोत १९६५ च्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मातांची नसबंदी झालेली आढळली. आपल्याकडे नसबंदी म्हटलं की आणीबाणी आठवते, तीही बहुधा पुरुषांची. तिथं हा गरीब, गौरेतर बायकांचा अनुभव होता. मूल नको म्हणण्याच्या हक्काइतकाच मूल होऊ देण्याचा हक्कही त्यांना मागावा लागत होता, आणि ही मागणी मुख्य चळवळीच्या जाहीरनाम्यात मावत नव्हती.

म्हणून बॉस्टनमध्ये १९७४ ला काळ्या स्त्रीवाद्यांचा गट, कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह, उभा राहिला. नाव घेतलं दक्षिण कॅरोलायनातल्या नदीचं, जिच्या काठावर १८६३ मध्ये स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांच्या मार्गदर्शनाखालच्या मोहिमेनं ७०० हून अधिक गुलाम सोडवले होते. वंश, लिंग, वर्ग आणि लैंगिकता यांचे जाच सुटे करता येत नाहीत, हे त्यांनी १९७७ च्या निवेदनात मांडलं. न्यायालयांना मात्र ते सुटेच हवे होते. १९७६ मध्ये जनरल मोटर्सविरुद्ध पाच काळ्या कामगार स्त्रियांचा भेदभावाचा दावा फेटाळला गेला. १९६४ पूर्वी कंपनीनं काळ्या बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे सेवाज्येष्ठतेनं कपात झाली तेव्हा त्याच आधी बाहेर पडल्या. कोर्टाचं म्हणणं : कंपनी बायकांना घेत होती (गोऱ्या), काळ्यांनाही घेत होती (पुरुष), वंशभेद आणि लिंगभेद या दोन तक्रारींची मोट बांधून तिसरा वर्ग करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (अनेक जाचांचं एकाच ठिकाणी छेदणं) हा शब्द मांडला तेव्हा त्यांच्यासमोर हाही खटला होता.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. जोतीरावांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली होती. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं बोलतात, असं मांडलं, तेव्हा पुणे विद्यापीठाच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावर सविस्तर उत्तर लिहिलं. काळ्या स्त्रीवादाच्या अनुभवातून त्यांनी एक धोका दाखवला : वंशाचा प्रश्न काळ्या बायकांचा म्हणून सोडून दिल्यावर गोऱ्या स्त्रीवाद्यांना स्वतःच्या मांडणीत काही बदलावं लागलं नाही. जात ही दलित स्त्रियांचीच बाब मानली, तर इथल्या सवर्ण स्त्रीवाद्यांचंही तेच होईल.