‘नायकाचा स्वभावदोष’ आला कुठून?

भाची नौपाड्यात राहते, इंग्रजी घेऊन टीवाय करतेय. तिच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या गाइडात ‘मॅकबेथच्या ऱ्हासाला त्याचा स्वभावदोष कारणीभूत आहे, चर्चा करा’ या प्रश्नापुढे कुणीतरी पेन्सिलीने ‘आयएमपी’ लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. सात-आठ वर्षांपूर्वीचं ते आयएमपी आजही चालतं.

साहित्याला मार्क द्यायची सवय मुळात नोकरभरतीतून लागली. कंपनी सरकारच्या सनदी नोकऱ्या स्पर्धेने भरायचं ठरलं आणि लंडनला 1855 साली पहिली परीक्षा झाली. मेकॉले समितीने सुचवलेल्या गुणांत इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून 1500, संस्कृतला 375! मुंबई विद्यापीठ 1857 चं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. रानडे-भांडारकर 1862 साली इथून बीए झाले. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला 1894 उजाडलं.

‘स्वभावदोष’ मात्र ग्रीकांच्या खात्यावर मांडला जातो. शोकांतिकेच्या नायकाबद्दल अॅरिस्टॉटलचा शब्द हमार्शिया. त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. बाण सुटला, निशाण हुकलं. ग्रीक शोकांतिकेतला राजा इडिपस बापाला मारतो तेव्हा तो बाप आहे हे त्याला ठाऊकच नसतं. यात स्वभाव कमी, अज्ञान जास्त. पण चूक म्हटलं की उत्तर चार ओळींत संपतं. दोष म्हटला की गर्व, मत्सर, महत्त्वाकांक्षा असे मुद्दे पाडता येतात. दहा मार्कांना मुद्दे लागतात.

इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांची शेक्सपिअरवरची व्याख्यानं 1904 साली पुस्तकरूपात आली आणि पात्राच्या स्वभावातून शोकांतिका उलगडण्याची पद्धत रुळली. ‘स्वभाव हेच दैव’ हे वाक्य पोरं त्यांच्या नावावर बिनदिक्कत खपवतात. ब्रॅडलींनी ते अतिशयोक्त आणि दिशाभूल करू शकणारं म्हटलंय! तेवढा भाग गाइडात नाही.

आपल्याकडे हीच नाटकं परीक्षेबाहेरही आली. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं 1883 मध्ये. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. नावं बघा, एकात विकार आहेच म्हणा. पण रंगमंचावर आल्यावर प्रेक्षक दोषांची यादी करत बसत नाही. ‘ऑथेल्लो’त बायकोवर संशय आणणारा रुमाल कुणाच्या हाती पडला, तिकडे त्याचे डोळे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने ‘इडिपस’चा मुद्दा वहीत टिपला, मग विचारलं, “मामा, हे लिहिलं तर मार्क कापतील का?”